विश्लेषण : कोंबड्यांच्या शेडची हवा मोजली जाते, मग वर्गखोलीची का नाही?

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या काटेवाडी परिसरात उन्हाळ्याच्या दुपारी दोन प्रकारच्या इमारती सारख्याच तापलेल्या असतात. एक म्हणजे पोल्ट्रीचे शेड आणि दुसरी म्हणजे स्लॅबची वर्गखोली किंवा पत्र्याचे घर. शेडमधला पारा ३५ अंशांकडे सरकू लागला की मालक छतावर पाणी मारतो, पडदे वर घेतो, फॉगर सुरू करतो. त्याला तापमान तोंडपाठ असते, कारण एका दुपारच्या निष्काळजीपणाने अख्खी बॅच हातची जाऊ शकते. वर्गखोलीत किंवा घरात मात्र तापमापक नसतो. तिथे फक्त ‘आज लई उकडतंय’ असे म्हटले जाते आणि पंख्याचे बटण पाचवर नेले जाते.

इमारतींची ऊर्जा कार्यक्षमता हा विषय निघाला की पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारती डोळ्यांसमोर येतात. नियमही त्यांच्यासाठीच लिहिले गेले. राज्यातील बहुसंख्य लोक ज्या इमारतींत राहतात, शिकतात आणि आजारपण काढतात, त्या आधीच बांधून झालेल्या, एकमजली आणि पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या आहेत. त्यांचे काय करायचे? याचे बरेचसे उत्तर काटेवाडीच्या पोल्ट्री शेडमध्ये आहे. ते घरापर्यंत आणि शाळेपर्यंत मात्र पोहोचलेले नाही.

नेमका प्रश्न काय?

बारामती आणि इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतात. निरा डाव्या कालव्यामुळे उसाचे हिरवे पट्टे दिसत असले तरी हवामान कोरडेच आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ४० अंशांच्या आसपास जातो. उन्हाळ्याची दाहकता प्रशासनालाही मान्य आहे. २०२५ मध्ये राज्यातील प्राथमिक शाळा उन्हाळ्यात सकाळी ७ ते ११.१५ या वेळेत भरवण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या. म्हणजे शाळेची वेळ बदलली, पण ज्या खोलीत मुले बसतात ती खोली होती तशीच राहिली.

गावात उकाड्यावरचा उपाय ठरलेला असतो. आधी पंखा, मग कूलर आणि ऐपत झाली की एसी. या क्रमात प्रत्येक पायरीवर वीजबिल वाढते. पण उष्णता ज्या वाटेने आत येते ती वाट उघडीच राहते. भोक पडलेल्या टाकीत जास्त अश्वशक्तीची मोटार लावून पाणी भरत राहण्यासारखा हा प्रकार आहे.

घर तापते कसे?

काटेवाडी साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास या भागात ‘शून्य सावली दिवस’ येतो, म्हणजे सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर असतो. त्या काळात भिंतींपेक्षा छतावर कितीतरी जास्त ऊन पडते. बहुमजली इमारतीत छताचा ताप फक्त वरच्या मजल्याला बसतो, एकमजली घरात तो सगळ्या घराला बसतो.

उन्हाळ्यातील निरभ्र दुपारी छताच्या एका चौरस मीटरवर सुमारे ९०० वॉट इतकी सौरऊर्जा पडते. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. हिशेब केला तर या एवढ्याशा घराच्या छतावर भर दुपारी साडेबावीस किलोवॉट ऊर्जा येते. दोन किलोवॉटचे अकरा गिझर छतावर एकाच वेळी सुरू ठेवावेत, इतकी ही उष्णता झाली. ती सगळी आत येत नाही. काही भाग परावर्तित होतो, काही वारा नेतो. पण त्यातला थोडा हिस्सा आत आला, तरी ७५ वॉटच्या पंख्याने त्याच्याशी झुंजण्याची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे.

पत्रा आणि स्लॅब यांचे तापणे वेगवेगळे आहे. पत्रा पातळ असल्याने ऊन पडताच तापतो आणि सूर्य मावळला की लवकर निवतो. नवा चकचकीत पत्रा बरेच ऊन परत फेकतो, पण शोषलेली उष्णता तो बाहेर सहज सोडत नाही. त्यामुळे चकाकी असूनही तो हात लावता येणार नाही इतका तापतो. गंजला की चकाकीचा फायदाही जातो. स्लॅब याच्या उलट वागतो. काँक्रीट दिवसभर उष्णता साठवते आणि ती काही तासांनी आत सोडते. म्हणूनच संध्याकाळी अंगणात गार वारा सुटलेला असताना स्लॅबच्या घरात भट्टीत बसल्यासारखे वाटते. पंखा लावला की छताला चिकटून असलेली तीच गरम हवा अंगावर येते. ‘पंखासुद्धा गरम वारा टाकतो’ ही तक्रार खरी असते, पण दोष पंख्याचा नसतो.

पोल्ट्रीवाल्याला काय कळले आहे?

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असलेला हा पक्षी उकाड्यात चोच उघडी ठेवून धापा टाकतो आणि मुख्यतः त्यातूनच शरीरातील उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे खुल्या पद्धतीच्या शेडची रचना हवा आणि सावली यांच्याच हिशेबाने केली जाते. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे लांब बाजूंवर थेट ऊन पडत नाही. रुंदी साधारण ३० फुटांच्या आत ठेवतात, म्हणजे वारा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने निघून जातो. बाजूच्या भिंती फूट-दीड फूट उंचीच्या, त्यावर जाळी आणि जाळीला वर-खाली होणारे पडदे असतात. छप्पर भिंतीच्या बाहेर तीन फूट किंवा त्याहून अधिक काढलेले असते. उन्हाळा आला की पत्र्याला चुना मारतात किंवा वर उसाचे पाचट अंथरून ते ओले ठेवतात.

याच शेडला हिवाळ्यात उलट प्रश्न पडतो. एक दिवसाच्या पिल्लाला ३२ ते ३४ अंशांची ऊब लागते. त्यासाठी गॅसचे ब्रूडर, बल्ब किंवा शेगडी वापरतात आणि हा खर्च थेट नफ्यातून जातो. इंधन वाचवण्यासाठी पडदे गच्च बंद केले तर लिटरमधला ओलावा वाढतो, अमोनिया साठतो, डोळे चुरचुरतात आणि पिल्ले आजारी पडतात. पडदे उघडे ठेवले तर ऊब उडून जाते. अनुभवी शेतकरी यातून मधला मार्ग काढतो. पहिल्या आठवड्यात तो अख्खे शेड तापवत नाही. मध्ये पडदा टाकून पिल्लांपुरताच भाग उबदार ठेवतो. वरच्या बाजूला हवा जाण्यापुरती फट मोकळी सोडतो आणि लिटर कोरडे राखतो.

मोठ्या शहरांतील इमारतींचे सल्लागार ‘हीटिंग’ आणि ‘व्हेंटिलेशन’ची कार्यक्षमता म्हणून जे सांगतात, त्याचा हा गाभाच आहे. जेवढ्या जागेला गरज आहे तेवढीच तापवा किंवा थंड करा. हवा बदलत राहा, पण गरजेपुरतीच. आणि आवरण, म्हणजे छत आणि भिंती, आधी नीट करा. चांगले छत उन्हाळ्यात ताप अडवते आणि हिवाळ्यात ऊब टिकवते, त्यामुळे दोन्ही ऋतूंत पैसे वाचतात. शेडमध्ये हे ज्ञान आले, कारण तिथे चुकीची किंमत त्याच आठवड्यात मोजावी लागते. वर्गखोलीत ती किंमत कुणाच्या वहीत लिहिली जात नाही. दुपारी मुलांचे लक्ष उडते, एखाद्याला चक्कर येते, घरी म्हातारे माणूस रात्रभर तळमळते. याची नोंद कुठेच होत नाही.

मग जुनी मातीची घरेच बरी होती का?

जाड पांढऱ्या मातीच्या भिंती, धाब्याचे माळवद आणि वर झरोका असलेली घरे दुपारी गार असत, हे खरे आहे. फूट-दोन फूट जाडीच्या मातीतून उष्णता आत यायला रात्र होत असे आणि झरोक्यातून गरम हवा वर निघून जात असे. पण त्या घरांना दरवर्षी डागडुजी लागे. पावसाळ्यात माळवद गळे, उंदीर-सापांचा त्रास असे. लोकांनी पत्रा आणि स्लॅब निवडला तो हौसेने नव्हे, गळतीला कंटाळून आणि पक्क्या घराच्या सुरक्षिततेसाठी. त्यामुळे ‘पुन्हा मातीकडे चला’ हा सल्ला ज्याला त्या घरात राहायचे नाही त्यानेच दिलेला असतो. आज जे पत्र्याचे आणि स्लॅबचे बांधकाम उभे आहे, तेच सुधारणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

खर्चाचा क्रम कसा असावा?

आधी छत, मग हवा, मग पंखा आणि सगळ्यात शेवटी यंत्र. हा क्रम उलटा झाला की पैसे वाया जातात.

छत : उघडे, जुने, करडे काँक्रीट त्यावर पडलेल्या उन्हापैकी बहुतांश शोषून घेते. ताजा पांढरा थर मात्र ७० ते ८० टक्के ऊन परत फेकू शकतो. हा थर साध्या चुन्याचाही चालतो. खास परावर्तक रंग महाग पडतात, पण जास्त टिकतात. एका वर्गखोलीच्या छताला चुना मारण्याचा खर्च साधारण एका चांगल्या पंख्याच्या किमतीच्या घरात येतो. मात्र दोन पथ्ये आहेत. स्लॅब गळका असेल तर आधी गळती काढावी. आणि धूळ बसली की थराचा गुण कमी होतो, हे ध्यानात ठेवावे. काटेवाडीजवळ भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखान्यांच्या परिसरात गाळप हंगामात छतांवर काजळी आणि राख बसते. त्यामुळे या पट्ट्यात हंगाम संपत आल्यावर, मार्चमध्ये, छत धुऊन चुना मारणे जास्त शहाणपणाचे ठरेल. पत्र्याच्या घरात पांढऱ्या रंगाबरोबरच पत्र्यापासून फूट-दीड फूट उंचीवर शेडनेट ताणणे किंवा आतून चटईचे छत लावून मधली हवा खेळती ठेवणे हे उपाय आहेत. पाचट स्वस्त असले तरी ते आगीचा धोका घेऊन येते. स्वयंपाकघराच्या वर किंवा शाळेवर ते टाकू नये. थर्माकोलही सहज पेटते, तेही टाळावे.

हवा : गरम हवा वर जाते. तिला छताजवळून बाहेर पडायला वाट हवी. अनेक खोल्यांत भिंतीच्या वरच्या बाजूला झडपा असतात, पण त्या रंगाने चिकटलेल्या किंवा पुठ्ठा लावून बंद केलेल्या असतात. त्या मोकळ्या करायला पैसे जवळजवळ लागत नाहीत. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असतील तर दोन्ही उघडाव्यात. एकाच बाजूला असतील तर समोरच्या भिंतीत वर जाळीची फट पाडावी. बारामती भागात कोरड्या उन्हाळ्यात दिवसा आणि रात्री तापमानात मोठा फरक असतो. त्याचा उपयोग असा की, रात्री आणि पहाटे खिडक्या उघड्या ठेवून स्लॅब आणि भिंती निववाव्यात आणि ऊन चढल्यावर उन्हाच्या बाजूच्या खिडक्यांवर पडदा किंवा चटई सोडावी. शाळा रात्री कुलूपबंद असते, त्यामुळे तिथे जाळी बसवल्याशिवाय हे जमणार नाही. चोरी आणि माकडे हे खरे अडथळे आहेत.

पंखा : जुना छताचा पंखा ७० ते ८० वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी पंखा तेवढाच वारा साधारण ३० वॉटमध्ये देतो. घरात पंखा दिवसाला १५ तास, वर्षात २७० दिवस चालला तर एका पंख्यामागे सुमारे १८० युनिट वाचतात. युनिटला सरासरी आठ रुपये धरले तर वर्षाला साडेचौदाशे रुपये, म्हणजे तीन हजारांचा पंखा दोन वर्षांत वसूल होतो. शाळेचा हिशेब वेगळा आहे. तिथे पंखा दिवसाला सहा तास आणि वर्षात २०० दिवस चालला तर बचत ५४ युनिट, म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे रुपयेच होते आणि वसुलीला सहा-सात वर्षे लागतात. म्हणून शाळेने चालू पंखे काढून टाकण्याची घाई करू नये. बिघडेल तो बदलताना बीएलडीसी घ्यावा आणि हातातले पैसे आधी छतावर घालावेत. ‘सगळे पंखे बदला’ असा सरसकट आदेश निघाला तर तो पुरवठादारांच्या सोयीचा असेल, मुलांच्या नव्हे.

कूलर की एसी?

कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन जोरात होते, म्हणून मार्च ते मे या काळात बारामतीत कूलर चांगले काम करतो. घरगुती कूलरला साधारण १५० ते २०० वॉट लागतात, तर दीड टनाच्या एसीला दीड किलोवॉटच्या आसपास. पण कूलर लावताना दारे-खिडक्या बंद करण्याची चूक हमखास होते. कूलर ओली हवा आत ढकलतो, तिला बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते आणि गारवा जातो. कूलरला पाणीही लागते. ज्या वाड्या-वस्त्यांवर उन्हाळ्यात पाण्याचीच ओढाताण असते, तिथे हा उपाय सांगताना दहादा विचार करायला हवा.

एसी वाईट नाही. प्रसूतिकक्ष, लशींची खोली, आजारी आणि वृद्ध माणसे यांच्यासाठी तो गरजेचा ठरू शकतो. पण तापलेल्या स्लॅबखाली लावलेला एसी खोली थंड करण्याआधी छताची उष्णता उपसत बसतो. छत आधी पांढरे केले तर लहान क्षमतेचा एसी पुरतो आणि तो थांबून-थांबून चालतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले नवे खोलीचे एसी २४ अंशांवर आधीच लावून येतात. तापमान एक अंश वाढवले की साधारण सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. १८ अंशांवर एसी लावून दोन गोधड्या पांघरण्यात कसली श्रीमंती, हा प्रश्न आता गावातही विचारायला हवा.

कायदा आणि योजना काय सांगतात?

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २००७ मध्ये व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आली, २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. ही संहिता १०० किलोवॉट किंवा अधिक जोडभार असलेल्या इमारतींना डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आली. तिच्या पहिल्या भागाची व्याप्ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या निवासी प्रकल्पांपुरती होती. छतातून प्रति चौरस मीटर, प्रति अंश फरकाला १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत जाऊ नये, असे ती सांगते. साध्या उघड्या स्लॅबमधून याच्या सुमारे तिप्पट उष्णता जाते.

इथेच मेख आहे. नियम ५०० चौरस मीटरच्या भूखंडापासून सुरू होतो आणि सरकार स्वतः अनुदान देऊन बांधून घेते ते घरकुल २५ चौरस मीटरचे असते. सपाट भागात या घरकुलाला १ लाख २० हजार रुपयांचे मूळ साह्य मिळते. भिंती, छप्पर, शौचालय यांचा हिशेब त्यात होतो, पण छताखाली दुपारी किती अंश असेल हा प्रश्न कुठल्याही टप्प्यावर विचारला जात नाही. ज्याला एसी परवडतो त्याच्या छताला नियम आणि ज्याला पंख्याचेही बिल जड जाते त्याचे छत रामभरोसे, असे हे चित्र आहे.

मार्च २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्याने २०३७-३८ पर्यंत शीतकरणाची मागणी २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते नुसत्या नव्या इमारतींवर गाठता येणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत छतावर तीन किलोवॉटच्या सौर पॅनेलसाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. योजना चांगली आहे आणि पॅनेलची सावली छतालाही मिळते. पण वीज तयार करायला ७८ हजार देणाऱ्या धोरणात, विजेची गरजच कमी करणाऱ्या चुन्याच्या थराला त्या तोडीचे स्थान नाही, हे खटकते.

इतरत्र काय झाले?

अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि २०१७ पासून वस्त्यांमधील छते पांढरी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तेलंगणाने २०२३ मध्ये पाच वर्षांचे ‘शीत छत धोरण’ जाहीर केले. राज्यभरात ३०० चौरस किलोमीटर छते शीत करण्याचे त्याचे लक्ष्य आहे. महाराष्ट्रालाही यातून घेण्यासारखे बरेच आहे.

जुन्या इमारतीत आधी आवरण आणि मग यंत्र, या क्रमाचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे आहे. १९३१ मधील या इमारतीच्या ६,५१४ खिडक्या फेकून न देता इमारतीतच दुरुस्त करून पुन्हा बसवल्या गेल्या. रेडिएटरच्या मागे उष्णता परतवणारे पडदे लावले. त्यामुळे भार इतका घटला की शीतकरणाची यंत्रणा नव्याने मोठी घेण्याऐवजी आहे तीच सुधारून भागले. ऊर्जावापरात ३८ टक्के कपात साधण्याचा तो आराखडा होता. १०२ मजल्यांची इमारत आणि काटेवाडीचे घरकुल यांत काही साम्य नाही, पण क्रम मात्र तोच आहे.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप असा की, गावातील घरे वीज वापरतातच किती, मग त्यांच्या कार्यक्षमतेची चर्चा कशाला? वापर आज कमी आहे, पण वाढ तिथेच होणार आहे. शिवाय प्रश्न फक्त युनिटचा नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी रोहित्रावर ताण येतो, वीज जाते आणि नेमका त्याच वेळी स्लॅब साठवलेली उष्णता सोडत असतो. वीज गेली की पंखा थांबतो, एसी थांबतो. पांढऱ्या छताचे काम मात्र वीज असो वा नसो, चालूच राहते.

दुसरा आक्षेप हिवाळ्याचा. पांढऱ्या छतामुळे थंडीत घर आणखी गार पडेल का? थोडे पडेल. पण बारामतीत कडाक्याची थंडी मोजके आठवडे असते आणि उन्हाळा अनेक महिने. तोवर छतावर धूळ बसून परावर्तनही कमी झालेले असते. हा सौदा फायद्याचाच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. चुना दरवर्षी कोण मारणार? सरकारी इमारतीत नवी वस्तू घ्यायला निधी असतो, देखभालीला नसतो. एकदा फोटो काढून छत पांढरे केले आणि पुन्हा तिकडे कुणी पाहिले नाही, तर दोन पावसाळ्यांत सगळे वाहून जाईल. त्यामुळे मोहिमेपेक्षा ही कामे वार्षिक देखभालीच्या यादीत जाणे महत्त्वाचे आहे.

काटेवाडीत काय करता येईल?

काटेवाडीचे नाव राज्याला राजकारणामुळे माहीत आहे. वारकऱ्यांना ते संत तुकाराम महाराजांच्या पालखीपुढे होणाऱ्या मेंढ्यांच्या रिंगणामुळे आणि परीट समाजाने अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्यांमुळे माहीत आहे. अशा गावाने केलेली गोष्ट इतर गावे पाहतात. या गावाला हे काम अवघड नाही, कारण त्यासाठी लागणारी माणसे आणि संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. उष्णतेचा ताण हा तिच्या अभ्यासाचाच विषय, तोही पिके आणि जनावरांपर्यंतचा. शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे. गाई-कोंबड्यांना उष्णतेपासून कसे वाचवावे याचे मार्गदर्शन जिथे मिळते, तिथून माणसांच्या छतांसाठी सल्ला मिळायला अडचण नसावी.

सुरुवात मोजण्यापासून व्हावी. शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्रात प्रत्येक खोलीत एक साधा तापमापक लावावा आणि मार्च ते मे या काळात सकाळी ११ आणि दुपारी ३ वाजताची नोंद ठेवावी. शाळेत हे काम विज्ञानाच्या तासाला मुलेच करतील. दोन सारख्या खोल्यांपैकी एकीचे छत पांढरे करावे आणि दुसरीचे तसेच ठेवावे. मे संपेपर्यंत गावाकडे स्वतःचे आकडे असतील आणि मग कुणाच्या जाहिरातीवर विश्वास ठेवण्याची गरज उरणार नाही.

पैशांची तरतूद आहे त्याच चौकटीत होऊ शकते. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला मिळणाऱ्या वार्षिक अनुदानात किरकोळ दुरुस्ती बसते. वित्त आयोगाच्या अबंधित निधीतील थोडा भाग ग्रामपंचायत विकास आराखड्यात ‘छत आणि हवा’ या नावाने राखता येईल. राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात ऑक्टोबर २०२० पासून पंचमहाभूतांनुसार गावांना गुण दिले जातात. त्यातील ‘अग्नी’ म्हणजे ऊर्जा. जुन्या सार्वजनिक इमारतींच्या छतांना आणि खेळत्या हवेला त्यात ठळक गुण दिले, तर गावे आपणहून चढाओढ करतील. आणि राज्याने घरकुलाच्या शेवटच्या हप्त्यापूर्वीच्या तपासणीत दोनच ओळी वाढवाव्यात. छताला पांढरा थर आहे का? गरम हवा वरून बाहेर जाण्यासाठी झडप आहे का?

यातले काहीही नवे तंत्रज्ञान नाही. चुना गावात मिळतो, झडप गावातला गवंडी बसवतो, तापमापक दुकानात मिळतो. पोल्ट्रीवाला हे सारे कित्येक वर्षे करतो आहे, कारण त्याच्या शेडमधल्या प्रत्येक अंशाला रुपयांत किंमत आहे. वर्गात बसलेल्या मुलाच्या आणि पत्र्याखाली झोपलेल्या आजीच्या अंशांना तेवढीच किंमत आहे. ती आधी ग्रामपंचायतीच्या आणि सरकारच्या हिशेबात यावी लागेल. त्यासाठी पुढच्या मार्चची वाट पाहायला हरकत नाही. त्याच्या पुढच्या मार्चची मात्र पाहू नये.